डोळे कुणाचे, रस्ता कुणाचा?

कोयता हे कष्टकऱ्याचं हत्यार. ऊसतोडीला जाणाऱ्याच्या हातात कोयता, शहाळी विकणाऱ्याच्या हातात कोयता. २०२२ च्या अखेरीपासून पुण्याच्या वर्तमानपत्रांनी ह्या कोयत्याला आडनाव चिकटवलं: गँग. चार पोरं रात्री गल्लीत घुसतात, उभ्या रिक्षांच्या काचा फोडतात, कुणाच्या तरी डोक्यात घाव घालतात. सकाळी बातमी. मग पोलीस त्याच पोरांना त्याच गल्लीतून फिरवतात. त्याला धिंड म्हणतात, तिचाही फोटो येतो. फोटोखाली वस्तीचं नाव. पोरांची नावं आठवड्यात विसरली जातात, वस्तीचं नाव राहतं. मग आपली एखादी बी. कॉम. झालेली पोरगी मुलाखतीला जाते, पत्ता सांगते आणि समोरचा माणूस हातातलं पेन खाली ठेवतो.

मित्रहो, ह्या प्रश्नावर आपण काय बोलतो? एक तर गप्प बसतो. नाहीतर 'हा वस्तीला बदनाम करायचा डाव आहे' असं म्हणून मोकळे होतो. मीही बरीच वर्षं असाच मोकळा होत आलो. डाव आहे हे खरंच आहे. पण फुटलेली रिक्षा कुणाची असते? आपल्याच माणसाची, हप्त्यावर घेतलेली. डोकं कुणाचं फुटतं? आपल्याच पोराचं. रात्री संडासाला जाताना कुणाचा हात धरला जातो? सदाशिव पेठेतल्या बाईचा नाही. तेव्हा गुन्हा हा प्रस्थापितांचा विषय आहे असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. तो आपला विषय आहे, आणि आपण तो पोलिसांच्या आणि बिल्डरांच्या हातात देऊन बसलो आहोत.

हे मला कळलं ते एका बैठकीत. भवानी पेठेच्या अंगाला आमची गल्ली. अर्धी गल्ली झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत गेली, त्याला आता आठ वर्षं झाली. मी त्या अर्ध्यातला, पाचव्या मजल्यावरचा. उरलेल्या अर्ध्या गल्लीची पाळी आता आली. बैठकीला एक तरुण आर्किटेक्ट आला होता. मनाने चांगला. त्याने नकाशा भिंतीला लावला: चारी बाजूंनी उंच भिंत, एकच गेट, गेटावर वॉचमनची केबिन, जिन्यात कॅमेरे. म्हणाला, "ह्याने गुन्हे थांबतात, हे शास्त्र आहे." मी विचारलं, "कुठल्या पुस्तकात आहे हे शास्त्र?" त्याला राग आला नाही. दुसऱ्या खेपेला त्याने दोन इंग्रजी पुस्तकं आणून दिली. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी ती तीन महिन्यांत वाचली. हे लिखाण म्हंजे त्या दोन पुस्तकांचं आमच्या गल्लीतून केलेलं परीक्षण आहे.

पहिलं पुस्तक जेन जेकब्स ह्या बाईचं. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांचं मरण आणि जगणं असा त्याचा विषय. साल १९६१. म्हंजे ज्या साली १२ जुलैला पानशेत फुटलं आणि मुठेने पुण्याचा नदीकाठ धुऊन नेला, ते साल. बाई आर्किटेक्ट नव्हत्या, पत्रकार होत्या. न्यूयॉर्कच्या हडसन स्ट्रीटवर राहायच्या. नकाशे काढणाऱ्या तज्ज्ञांना त्यांनी तोंडावर सांगितलं की तुम्ही जुन्या गल्ल्यांना घाण म्हणता, पाडता, त्यांच्या जागी हिरवळ आणि उंच इमारती उभ्या करता, आणि मग तिथे माणसाला रात्री चालायची भीती वाटते. रस्ता सुरक्षित ठेवतो तो पोलीस नव्हे. रस्त्यावर सतत माणसं असावीत, खिडक्या-दुकानांची तोंडं रस्त्याकडे असावीत, कुठली जागा सर्वांची आणि कुठली घराची हे स्पष्ट असावं. मग रस्त्याला आपोआप डोळे फुटतात. 'रस्त्यावरचे डोळे' हा त्यांचा शब्द.

हे वाचताना मी हसलो. बाईने आमची गल्ली बघितली नव्हती, तरी लिहिली होती. सात फूट रुंदीची गल्ली. दोन्ही बाजूंना ओटे. पहाटे नळ यायचा, तेव्हापासून बाया रस्त्यावर. सकाळी कामावर जाणारे, दुपारी लसूण सोलत बसलेल्या म्हाताऱ्या, संध्याकाळी कॅरम, रात्री विहारात अभ्यासाला बसलेली पोरं. अनोळखी माणूस गल्लीच्या तोंडाशी आला की तिसऱ्या ओट्यावरची आजी विचारायची, "कुणाकडं आलास रं बाबा?" हा प्रश्न म्हंजे आमचं पोलीस स्टेशन. आमच्या घराला कुलूप नव्हतं, कडीला चिंधी बांधून आई कामाला जायची. चोरी व्हायचीच नाही असं मी म्हणत नाही. पण भरदिवसा कुणी कुणाच्या घरात शिरायची हिंमत करत नसे. शहरवाले ज्याला गचाळ म्हणत आले, त्या दाटीतच आमची राखण होती.

म्हणून जेकब्सबाईंना माझा जयभीम. पण तिथेच माझं भांडणही आहे.

त्यांनी एक प्रसंग सांगितला आहे. त्यांच्या रस्त्यावर एक माणूस आठ-नऊ वर्षांच्या पोरीला सोबत न्यायला बघत होता आणि पोरगी भिंतीला अंग ताठ करून उभी. बाई खिडकीतून बघत होत्या. तेवढ्यात खाटकाच्या दुकानातून बाई बाहेर आली, किराणावाला आला, कुलूपवाला, फळवाला, वरच्या खिडक्या उघडल्या. त्या माणसाच्या भोवती नकळत कडं पडलं. पोरीला कुणी नेऊ देणार नव्हतं. शेवटी कळलं की तो तिचा बापच होता. प्रसंग गोड आहे. बाई तो रस्त्याच्या कौतुकासाठी सांगतात. मी मात्र त्या बापापाशी थांबलो. तो सुटला कारण तो 'आपल्यातला' वाटण्यासारखा होता. तोच बाप काळा असता तर? तोच बाप आपल्यातला असता आणि रस्ता पुण्यातल्या एखाद्या बंगल्यांच्या सोसायटीतला असता तर? 'बाप आहे' हे सांगायला त्याला वेळ मिळाला असता का?

उत्तर अमेरिकेनेच दिलं. २६ फेब्रुवारी २०१२, फ्लोरिडातलं सॅनफर्ड गाव. गेट असलेली, भिंतींची वसाहत. सतरा वर्षांचा ट्रेव्हॉन मार्टिन दुकानातून गोळ्या आणि पेय घेऊन परत येत होता. तो तिथे पाहुणा होता, वडिलांसोबत. वसाहतीची राखण करायला स्वतःहून पुढे झालेल्या एका रहिवाशाला तो संशयित वाटला. पोरगं मेलं. गोळी घालणारा २०१३ साली निर्दोष सुटला. म्हंजे रस्त्याला डोळे होते. डोळे जागे होते. नुसते डोळे असून भागत नाही, डोळ्यांत काय आहे ते बघावं लागतं.

आता दुसरं पुस्तक. ऑस्कर न्यूमन, साल १९७२. हा आर्किटेक्ट. त्याने न्यूयॉर्कच्या सरकारी घरांच्या गुन्ह्यांची नोंद तपासली. ब्रुकलिनमध्ये समोरासमोर दोन वसाहती, ब्राउन्सव्हिल आणि व्हॅन डाइक. मध्ये फक्त रस्ता. दोन्हीकडे गरीब माणसं, बहुतेक काळी. दाटी जवळपास सारखी. एक वसाहत ठेंगणी, तीन ते सहा मजल्यांची. दुसरीत तेरा-चौदा मजली ठोकळे. उंच वसाहतीत गुन्हे बरेच जास्त. आणि ते होत होते कुठे? लिफ्टमध्ये, जिन्यात, आतल्या बोळकांडीत. जी जागा शंभर घरांची आहे ती कुणाचीच नाही, तिथे डोळा पोचत नाही. ठेंगण्या इमारतीत एका जिन्यावर थोडी घरं, म्हणून तो जिना त्या घरांचा. न्यूमन म्हणाला की अशा जागा रचा ज्यांची राखण माणूस आपली म्हणून करील.

हे खरं आहे की नाही ते मला न्यूमनने सांगायला नको. मी पाचव्या मजल्यावर राहतो. आमच्या वाट्याला २६९ चौरस फूट आले. पक्क्या भिंती, आत संडास, नळ. आई पहिल्या रात्री संडासाच्या दाराला हात लावून रडली होती, ते मी विसरत नाही. कुणी म्हणेल झोपडी बरी होती, तर त्याला मी आईसमोर उभा करीन. पण घर मिळालं आणि गल्ली गेली. दारं बंद. मधली पडवी काळोखी, दोन्ही टोकांना भिंत. जिन्यातला दिवा गेला तो महिनोन्‌महिने गेलेलाच. लिफ्ट बंद. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये कुठल्याच दारातून दिसत नाही असं एक वळण आहे. तिथे पोरं बसतात, पितात. माझ्या धाकट्या बहिणीला त्या वळणावर अडवलं गेलं. ती ओरडली, पण दारं उघडायला वेळ लागला, कारण प्रत्येक दाराआड टीव्ही चालू होता. अडवणारा पोरगा परका नव्हता. आमच्याच जुन्या गल्लीतला, सहाव्या ओट्यावरचा. गल्लीत असता तर आजीने त्याचं मुस्काट फोडलं असतं. पोरगं तेच. जागा बदलली आणि आजीचा डोळा गेला. आजी आता सातव्या मजल्यावर असते, लिफ्ट बंद म्हणून खाली उतरत नाही.

म्हणून मी न्यूमनला खोटं ठरवत नाही. नकाशा गुन्हा घडवतो आणि अडवतो, हे मी अंगावर घेतलं आहे. माझा प्रश्न पुढचा आहे. न्यूमन म्हणतो, 'ही जागा आमची' असं माणसाला वाटलं की राखण होते. साहेब, ह्या देशात 'आमची जागा' असं म्हणणारा पहिला माणूस कोण होता आणि त्याने कुणाला बाहेर ठेवलं?

पुण्याचंच बघू. पेठांचं शहर, पेठेत वाडा, वाड्याला दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाभोवती सोपे. येणारा-जाणारा सगळ्यांच्या नजरेखालून जाणार. न्यूमनला जे १९७२ साली सुचलं ते इथे अडीचशे वर्षं आधी लाकडात आणि दगडात उभं होतं. आणि शहराच्या वेशीवर काय होतं? समाजशास्त्रज्ञ घुर्ये ह्यांनी नोंदवलं आहे की पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीन ते सकाळी नऊपर्यंत पुण्याच्या वेशीच्या आत येऊ देत नसत. कारण त्या वेळात सावली लांब पडते आणि विटाळ लांब पोचतो. गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू ह्याबद्दल बाबासाहेबांनी १९३६ साली लिहिलं ते आपल्याला पाठ आहे. पण ह्या वेळापत्रकाकडे जरा नकाशा म्हणून बघा. गेट, वेळ, पहारा आणि ठरलेला संशयित. त्या काळच्या पुण्याने आपली सावलीच गुन्हा ठरवली होती.

गावात तर त्याहून भारी. वेशीवर रात्रभर जागायचं कुणी? वेसकराने, म्हंजे महाराने. चोराचा माग काढायचा कुणी? महाराने, रामोश्याने. आणि चोरी झाली की आधी धरायचं कुणाला? त्यालाच. जो वेस राखतो त्याचं घर वेशीबाहेर. आज सोसायटीच्या केबिनमध्ये बारा बारा तास उभा राहणारा आपला पोरगा बघा. आतल्या मोटारींच्या नंबरांची वही तो भरतो आणि आतला नळ त्याला नाही. १९५८ च्या कायद्याने महार वतन गेलं. केबिन राहिली.

इंग्रजांनी हे शास्त्र आणखी पुढे नेलं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. माणूस जन्मला की गुन्हेगार. आणि ह्या गुन्ह्यावर उपाय काय काढला? वसाहत! सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं, हजेरी होती, बाहेर जायला परवाना होता. गुन्हा रोखण्यासाठी जागेची रचना करणं म्हंजे काय, ते आपल्या भटक्या-विमुक्त भावांच्या तीन पिढ्यांनी त्या तारेच्या आत राहून शिकलं आहे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणलाच. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' १९८७ साली आलं तेव्हा पांढरपेशा वाचकांनी ते चोरीच्या कसबाची नवलकथा म्हणून चघळलं. मी त्या पुस्तकाला जागेचं पुस्तक म्हणतो. ज्याला उभं राहायला जागा नाही, तो जिथे उभा राहील ती जागा गुन्ह्याची ठरते, हे त्यातून कळतं.

आणि तडीपारी? १९५१ चा पोलीस कायदा. माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येतं. कुणाकुणाला काढावं लागत असेलही, मी त्या वादात शिरत नाही. पण उपायाचं रूप बघा. ते गावकुसाबाहेरचं आहे. जुन्या वेशीची जागा जिल्ह्याच्या हद्दीने घेतली.

नाटकवाल्या मित्रांसाठी एक गोष्ट. तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यातच आलं. वाद पेटला तो नाना फडणवीसांच्या चारित्र्यावर आणि ब्राह्मणांच्या बदनामीवर. माझ्या मते त्या नाटकात त्याहून मोठी गोष्ट आहे ती रात्रीच्या परवान्याची. रस्त्यावर चालायला परवाना लागू लागला की पेठेतल्या पांढरपेशाला तो जुलूम वाटतो, आणि बरोबरच वाटतो. आपल्याला मात्र तो परवाना घाशीरामाच्या आधीही लागत होता आणि नंतरही लागला. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. कचरा वेचणाऱ्या बाया, बहुतेक आपल्याच, महार-मातंगांच्या. सोसायटीच्या कोपऱ्यावर उभं राहिलं की चोर म्हणून हाकलणं ठरलेलं. म्हणून संघटनेने पहिल्या लढायांमध्ये ओळखपत्राची लढाई केली, त्यावर महापालिकेची मान्यता मिळवली. ती लढाई थोर आहे. पण विचार करा, शहराचा कचरा उचलणाऱ्या बाईला आपण चोर नाही हे गळ्यात लटकवून फिरावं लागतं. जुना गळा, नवं मडकं.

मग न्यूमनच्या शास्त्रात चूक कुठे आहे? तो 'आमचे' आणि 'परके' ही वाटणी गृहीत धरतो. जिथे ही वाटणी जन्मावरून आधीच झालेली आहे, तिथे त्याची भिंत गुन्हा अडवण्याआधी माणूस अडवते. आणि दुसरी चूक त्याच्यापेक्षा त्याच्या वाचकांची. सेंट लुइस शहरात प्रुइट-आयगो नावाची अकरा मजल्यांच्या तेहतीस इमारतींची सरकारी वसाहत होती. १९५० च्या दशकात बांधली, १९७२ पासून सुरुंग लावून पाडली. सगळ्यांनी बोट केलं आर्किटेक्टकडे, उंचीकडे. पुढे १९९१ मध्ये कॅथरीन ब्रिस्टल ह्या अभ्यासक बाईने विचारलं की पैशाचं काय? तिथली देखभाल भाडेकरूंच्या भाड्यावर टाकली होती. शहरातून धंदे गेले, माणसं गेली, भाडं आटलं, लिफ्ट मोडल्या, दुरुस्त झाल्या नाहीत. गरिबांना गरीब ठेवायचं, वेगळं ठेवायचं, आणि मग दोष जिन्याच्या वळणाला द्यायचा. आमच्या जिन्यातलं वळण वाईट आहेच. पण त्या वळणावरचा दिवा लागत नाही ह्याला नकाशा जबाबदार नाही. दिव्याचा पैसा कुणीतरी खाल्ला किंवा कुणी ठेवलाच नाही.

इथवर लिहिलं आणि मला बरं वाटायला लागलं. अमेरिकावाला चुकला, पेशवा चुकला, इंग्रज चुकला. आपण सोडून सगळे चुकले. आणि मग मला एक दुपार आठवली.

मी सतरा वर्षांचा होतो. गल्लीत एका घरातला गॅसचा सिलिंडर गेला. त्याच सकाळी एक पारध्याचा पोरगा गल्लीतून गेलेला मी ओट्यावरून बघितला होता. दहा-बारा वर्षांचा असेल. "तो बघा, सकाळी तोच होता," असा हात मीच केला. पोरं धावली. त्याला विहाराच्या पायरीपाशी आणून मारलं. बाबासाहेबांच्या फोटोसमोर. तो ओरडत होता की पाणी प्यायला आलो होतो. सिलिंडर दोन दिवसांनी सापडला, त्याच घरच्या जावयाने तो गहाण टाकला होता. त्या पोराला कुणी शोधायला गेलं नाही. मीही नाही.

गल्लीत डोळे होते. माझे होते. मी जेकब्सबाईंच्या बापाबद्दल एवढं लिहिलं, पण आमच्या गल्लीच्या कड्यात जो सापडला त्याला सुटायला वेळ आम्ही दिला नाही. महारवाड्याच्या ओट्यावरून पारध्याकडे जी नजर जाते ती कुठून आलेली आहे? मातंगाचं पोर आपल्या गल्लीतून शिट्टी वाजवत गेलं तर आपण कसे बघतो? आपली पोरगी दुसऱ्या जातीच्या पोराशी कोपऱ्यावर बोलत उभी राहिली तर हेच डोळे काय करतात? ओट्यावरची आजी माझ्या बहिणीला वाचवत होती, तशी तिला कोंडतही होती. हे आपल्या नियतकालिकात छापलं पाहिजे म्हणून लिहितो. नाहीतर आपलं साहित्य म्हंजे दुसऱ्याच्या पापाची यादी होईल.

तेव्हा मला जे म्हणायचं आहे ते असं: ओळख नसेल तर नजरेत जात येऊन बसते. भिंत ओळख तोडते, म्हणून भिंत संशयित तयार करते, आपल्या बाजूने बांधली तरी. राखण करते ती ओळख. जी रचना माणसांची ओळख वाढवील ती आपली. जी तोडील ती पेशव्यांची, मग तिच्यावर निळा झेंडा लावलेला असो.

हे हवेतलं नाही. ह्याच पुण्यात झालेलं आहे. १९९९ ते २००१ ह्या काळात रत्नाकर गायकवाड महापालिका आयुक्त होते. तेव्हा वस्त्यांमध्ये सुमारे चारशे सार्वजनिक संडास बांधले गेले. त्यांतले बरेच 'महिला मिलन'सारख्या वस्तीतल्या बायांच्या संघटनांना विचारून, त्यांच्याकडून. बायांनी काय मागितलं? बायांचं दार पुरुषांच्या दारापासून वेगळं. लहान पोरांची वेगळी सोय. दिवा. चोवीस तास पाणी. आणि राखणदाराला तिथेच राहायला खोली, बायकापोरांसकट. ही शेवटची मागणी नीट वाचा. संडासावर कॅमेरा नाही मागितला, संडासावर घर मागितलं. जिथे चूल पेटते, पोर रडतं, तिथे अंधाराला बसायला जागा राहत नाही. गुन्हा रोखण्याच्या सगळ्या इंग्रजी पुस्तकांपेक्षा ह्या एका खोलीत मला जास्त अक्कल दिसते. पुढे काही ठिकाणी ती खोली भाड्याने गेली, दिवे गेले, हेही मी बघितलं आहे. रचना एकदा करून भागत नाही, तिच्यावर रोज उभं राहावं लागतं.

दुसरी गोष्ट येरवड्याची. २००९ च्या सुमारास केंद्राच्या योजनेतून तिथे काही वस्त्यांमध्ये घरं जागच्या जागी बांधायचं ठरलं. सगळं पाडून ठोकळा उभा करायचा नाही. कच्चं घर पाडायचं, पक्कं राहू द्यायचं, गल्ली तीच, शेजारी तोच, घर वर चढवायचं. आर्किटेक्ट प्रसन्न देसाई आणि त्यांचे सहकारी कापडाचं मोठं घर उभं करून लोकांना दाखवत, आणि बाया सांगत की ओटा ठेवा, खिडकी गल्लीवर काढा. गल्ली मोडू न देता पक्कं घर मिळू शकतं हे त्यातून दिसलं. घर की गल्ली असा जो प्रश्न आम्हाला टाकला गेला, तो मुळात खोटा होता.

आणि तिसरी, सगळ्यांत जुनी. १८६८ साली जोतीरावांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. आमच्या इमारतीपासून तिथे चालत जाता येतं. आपण तो पाण्याचा हक्क म्हणून वाचतो, तो आहेच. पण नकाशा म्हणूनही वाचा. ज्या शहराने सावलीलाही वेळ ठरवून दिली होती, त्या शहरात एका माणसाने आपल्या अंगणाची वेस काढून टाकली. परका पाणी भरायला रोज आला की तो परका राहत नाही. माझ्या गल्लीत पाणी प्यायला आलेल्या त्या पोराला हे मिळालं नाही.

मित्रहो, संमतीपत्रावर सही मागायला माणूस तुमच्या वस्तीत येईल. तो चौरस फूट सांगेल, महिना भाडं सांगेल. ते घ्याच. पण सही करण्याआधी नकाशा मागा आणि वस्तीतल्या बायांसमोर तो जमिनीवर पसरा. विचारा, एका जिन्यावर किती दारं? जिन्यातून घर दिसतं का आणि घरातून जिना? प्रत्येक मजल्यावर बसायला ओटा आहे का? तळमजल्यावर दुकान, बालवाडी, अभ्यासिका आहे का, की नुसत्या मोटारी? म्हातारी माणसं वर ढकलली जाणार की खाली राहणार? दिव्याचा आणि लिफ्टचा पैसा किती वर्षांचा, कुणाच्या खात्यात? आणि शेजारच्या वस्तीकडची बाजू भिंतीने बंद होणार असेल तर विचारा, ही भिंत कुणाच्या भीतीने? २०१० आणि २०१२ च्या बॉम्बस्फोटांनंतर ह्या शहरात हजाराच्या वर कॅमेरे लागले. कॅमेरा झालेलं दाखवतो. "कुणाकडं आलास रं बाबा?" असं विचारणं त्याला येत नाही.

ते विचारण्याची रीतही आपल्याला बदलावी लागेल. आजी ते विचारायची तेव्हा उत्तराची वाट बघायची. मी त्या दुपारी बघितली नाही.

मागच्या महिन्यात आम्ही पाचव्या मजल्यावरच्या अकरा घरांनी वर्गणी काढून वळणावर दिवा लावला. बटण बहिणीच्या दाराजवळ घेतलं. तिथे बसणाऱ्या पोरांना हाकललं नाही. त्यांना म्हटलं, बसा, पण उजेडात बसा आणि कॅरम घेऊन बसा. दोघं उठून गेले, तिघं बसतात. अडवणारा पोरगा त्या तिघांत आहे. बहीण त्याच्याशी बोलत नाही, आणि तिने बोलावं असं मी म्हणत नाही. पण ती आता रात्री नऊ वाजता क्लासहून एकटी जिना चढते.

नव्या इमारतीचा नकाशा आर्किटेक्टने परत नेला आहे. भिंत अजून त्यात आहे. पुढची बैठक रविवारी विहारात आहे, त्याच पायरीपाशी. या.

जयभीम.